खुंटीवरचे उन्हाळी टायर

मी बाळा नागवेकर. रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोर टॅक्सीच्या लाइनीत एक्केचाळीस वर्षं काढली. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजवा ठणठणीत आहे, पण माझ्या मुलीच्या मते दोन्ही गेलेले. तिनेच मला ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचं ठरवलं, तिच्या गाडीतून, आणि जूनच्या त्या सकाळी निघायच्या आधी ओटीवर उभं राहून अट घातली.

"बाबा, माझ्या ड्रायव्हिंगवर एक शब्द बोलायचा नाही. हातखंब्याला नाही, घाटात नाही, कोल्हापूर येईपर्यंत नाही. बोललात तर तिथल्या तिथे एसटीत बसवून परत पाठवीन."

म्हटलं, "बरं."

"बरं नाही. शप्पथ घ्या."

घेतली शप्पथ. बापाने लेकीपुढे गप्प बसायची शप्पथ घ्यायची, असे दिवस आले. एरवी मी चार शब्द ऐकवले असते, पण त्या दिवशी ती शप्पथ मला भलतीच सोयीची वाटली. माझ्या पोटात एक गोष्ट होती. तिच्या गाडीचे टायर मी तिला न विचारता बदलले होते, आणि ते तिला कोल्हापुरात पोचल्यावर, सावकाश, माझी हुशारी म्हणून सांगायचं असं माझं ठरलेलं.

ही हुशारी कुठून आली ते आधी सांगतो. आमच्या वेळी, म्हणजे अँबॅसिडरच्या जमान्यात, टायरवर नक्षी असेपर्यंत तो पावसाळी टायर. नक्षी झिजून गुळगुळीत झाला की तो उन्हाळी. उन्हाळी टायर फेकायचा नाही. दिवाळीनंतर रस्ते सुकले की उन्हाळी चढवायचे, मे संपेपर्यंत त्यांच्यावर गाडी हाणायची आणि चांगल्या नक्षीचे पावसासाठी राखून ठेवायचे. मेच्या शेवटी घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, गडबड असायची. बायका लाकडं आत घ्यायच्या, सोलं, सुकी मासळी, मिरच्या डब्यांत भरायच्या, आणि आम्ही डायवर उन्हाळी काढून पावसाळी चढवायला शिवाच्या दुकानापुढे रांग लावायचो. आमची आगोट ती.

शिवा भाटकर, साळवी स्टॉपचा टायरवाला. माझ्याच वयाचा, माझ्याहून भांडखोर. त्याच्या दुकानात मागच्या भिंतीला मनगटाएवढ्या जाड सागवानी खुंट्या होत्या, अजून आहेत. काढलेले टायर तो ज्याचे त्याच्या खुंटीला अडकवायचा आणि खुंटीखाली पांढऱ्या रंगाने नाव लिहायचा. धाकू डायवर. बाबू डायवर. काशी डायवर. आणि दारातून आत शिरलं की समोर मी, बाळा डायवर. शिवा चौथीपर्यंत शिकलेला, तो ड्रायव्हर असं लिहीत नसे, डायवर लिहायचा, आणि आम्हाला कुणाला त्यात चूक दिसली नाही.

पण ते नाव कुणाच्याही वाट्याला येत नसे. भर पावसात आंबा घाट एकट्याने वर-खाली केल्याशिवाय शिवा ब्रश हातात घ्यायचा नाही. मी घाट केला तो चौऱ्याऐंशीच्या जुलैत, साखरप्याच्या एका बाळंतिणीला कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात सोडून रिकामी गाडी घेऊन परत आलो तेव्हा. दुकानापुढे गाडी लावली तर शिवा म्हणाला, "किती वेळा सरकली?" म्हटलं, "दोनदा." तर म्हणाला, "खरं बोललास. आता लिहितो." त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढे लग्नातसुद्धा वाटलं नाही. सावित्रीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे मी कधी सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून सांगतो.

दुकानाशेजारी चहाची टपरी होती. कुठला टायर ओल्या रस्त्यात धरतो, कुठला नाणीजच्या उतारावर दगा देतो, कुठला नुसता मिरवायला बरा, हे तिथल्या बाकड्यावर ठरायचं. धाकूने एखाद्या टायरला नाव ठेवलं की तो टायर रत्नागिरीत संपला. किती वेळ जायचा त्यात. चहा गार व्हायचा आणि आम्ही वळणावरून भांडत बसायचो. तसं भांडायला आता कोणी उरलं नाही. धाकू गेला, काशी गेला, बाबू मुलाकडे ठाण्याला असतो आणि फोनवर फक्त गुडघ्याचं सांगतो.

शिवाची टायर पारखायची रीत होती. आधी तळवा फिरवायचा, मग अंगठ्याचं नख रबरात दाबायचं. तळव्याला नक्षी कळते, नखाला वय कळतं. नख रुतलं तर टायर जिवंत. नाही रुतलं तर नक्षी कितीही असो, रबर मेलं. आमच्यातल्या प्रत्येकाने ही रीत त्याच्याकडून उचलली होती.

माझी मुलगी दर्शना तेव्हा शाळेत. दुपारी जेवायला बोलवायला सावित्री तिला धाडायची. ती दोन वेण्या घालून खुंट्यांखाली उभी राहायची, "बाबा, आई बोलावतेय" म्हणायची, आणि मी "आलो" म्हणून तासभर हलायचो नाही. ती बिचारी तशीच उभी.

अठरा पूर्ण झाली त्या महिन्यात तिने मला विचारलं, "बाबा, मला गाडी शिकवाल?" मी म्हटलं, "टॅक्सी म्हणजे काय स्कूटी आहे?" आणि हसलो. लाइनीतल्या पस्तीस पोरांना मी गाडी शिकवली. नात्यातले, गावातले, एक तर असा बावळट की त्याला क्लच कुठल्या पायाने दाबायचा हे चार दिवस समजेना, त्यालाही शिकवलं. पोटच्या पोरीला नाही. तिने परत कधी विचारलं नाही. कोल्हापुरात कॉलेजात नोकरीला लागली, केमिस्ट्री शिकवते, तिथेच पैसे भरून क्लासमध्ये गाडी शिकली आणि मला थेट लायसनचा फोटो पाठवला. मी "छान" असं उत्तर पाठवलं. तेवढंच सुचलं.

दोन वर्षांपूर्वी तिने एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी घाट उतरून येते, रविवारी दुपारी घाट चढून जाते. यंदा फेब्रुवारीत तिने फोन केला, "बाबा, टायर बदलले. समर टायर घेतले, हाय परफॉर्मन्स."

समर म्हणजे उन्हाळा एवढं इंग्रजी मला येतं. रेल्वेच्या समर स्पेशलची भाडी मी कमी मारली नाहीत. म्हटलं, "कुणी गळ्यात मारले तुझ्या?"

"कुणी मारले नाहीत. दोन महिने लोकांचे अनुभव वाचत होते मी. ऐका." आणि ती मोबाइलवरून वाचायला लागली. साताऱ्याचा कोणी लिहीत होता, ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहते. दुसरा म्हणत होता, वळणावर पूर्वी हात घट्ट धरायचो, आता सैल धरतो. एक जण कुरकुरत होता की पंचवीस हजार किलोमीटरमध्येच निम्मे झिजले, पण पुन्हा हेच घेणार. कुणाला खड्ड्यातून गेल्यावर बाजूला फुगा आला होता, तो टायरला आणि खड्ड्याला आळीपाळीने शिव्या देत होता. ऐकून मला टपरीवरचं बाकडं आठवलं. पण ह्यातल्या एकाचंही नाव कुठल्या खुंटीखाली नव्हतं, मग मी त्यांचं का ऐकू? म्हटलं, "पावसाचं काय?" ती म्हणाली, "अहो, पावसात तर चांगलेच आहेत." मला वाटलं, पोर भोळी आहे, दुकानदाराने सांगितलं ते खरं मानून बसली.

"जुने टायर फेकू नकोस," एवढंच मी म्हटलं. तिने ते डिकीत घालून आणले आणि माझ्या पडवीत ठेवले. तळवा फिरवला तर नक्षी अशी खोल की बोट बुडेल. डॉक्टरची गाडी नऊ वर्षं नुसती दारात उन्हात उभी होती, नक्षी झिजणार कुठून? ह्या नक्षीला टाकून ह्या मुलीने उन्हाळी घेतले, आणि चार महिने कोसळणारा आमचा पाऊस. मला रात्र रात्र झोप लागेना, हे खरं सांगतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ती पेपर तपासायला रेल्वेने मुंबईला गेली. जाताना गाडी दारात ठेवली आणि चावी माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "दोन दिवसांनी चालू करून बंद करा. चालवू नका, ऑपरेशन होईपर्यंत." मी मान हलवली. ती चावी मी दिवसभर खिशात घालून फिरलो. बाजारात गेलो तरी हात खिशातच. तिने माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं, आणि मला वाटलं की आता आपणही तिच्यासाठी काहीतरी करावं. अठराव्या वर्षी जे केलं नाही त्याची थोडी तरी भरपाई व्हावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, एका डोळ्यावर गाडी चालवत मी साळवी स्टॉपला गेलो. शिवा नुकताच शटर वर करत होता.

"उन्हाळी काढ, पावसाळी चढव," म्हटलं, आणि डिकी उघडली.

शिवाने नव्या टायरवरून तळवा फिरवला. "अरे, ह्येंची नक्षी अजून आहे की."

"कसली नक्षी? चार सरळ चऱ्या आहेत. आडव्या रेघा कुठे आहेत? आणि कंपनी स्वतः म्हणते समर."

त्याने नख दाबलं. ते रुतलं, चांगलं खोल. शिवा म्हणाला, "जिवंत आहेत, पण किती मऊ मेले. ह्ये पावसात टिकायचे नाय. कंपनीच उन्हाळी म्हणते तर आपण कोण सांगणारे?" आणि जॅक लावला. चारही नवे टायर माझ्या खुंटीला गेले, बाळा डायवरच्या. अँबॅसिडर गेली तेव्हापासून, पंधरा वर्षं रिकामी होती ती खुंटी. मी जरा लांब उभं राहून बघितलं आणि मला फार बरं वाटलं. जुन्या टायरवरून मी पुन्हा तळवा फिरवला. नख मात्र लावलं नाही. राहून गेलं असं म्हणणार नाही. नक्षी बघून मी इतका खूश झालो होतो की नखाची गरजच वाटली नाही.

तर ती जूनची सकाळ. दर्शना आदल्याच रात्री मुंबईहून परतली होती. पाऊस लागून आठवडा झाला होता, रस्ता काळाभोर, वायपर थांबायला तयार नाहीत. दर्शना गाडी छान चालवत होती. खरंच छान. कुवारबावला एक रिक्षा आडवी आली, तिने न ओरडता, न हॉर्न मारता तिला वाट दिली. मी असतो तर रिक्षावाल्याची आई-बहीण काढली असती. मी गप्प होतो.

हातखंब्याच्या पुढे ती म्हणाली, "आज गाडी आवाज करतेय. स्टिअरिंगपण जड लागतंय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. म्हटलं, पावसाळी टायर आहेत, थोडा आवाज करणारच.

नाणीजच्या उतारावर पुढे एसटी होती. एसटीने ब्रेक मारला, दर्शनाने मारला, आणि गाडी थांबायच्या जागी थांबली नाही. अलगद पुढे घसरत गेली आणि एसटीच्या मागच्या शिडीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. दर्शना पांढरीफटक पडली.

"काय झालंय हिला आज? ह्या टायरवर अशी कधी सरकली नाही."

स्वतःला समजावलं की उतारावर ऑइल सांडलं असेल. एक्केचाळीस वर्षांचा डायवर टायरमध्ये चुकत नाही, हेही समजावलं.

दाभोळ्याच्या आसपास माझा फोन वाजला. शिवाचा नंबर, पण आवाज त्याच्या मुलाचा, निलेशचा. निलेश जहाजावर असतो, अर्धं जग बघून आलाय, आदल्या दिवशीच सुट्टीवर घरी पोचला होता.

"बाळाकाका, खुंटीवरचे टायर दर्शनाचे ना? ते का काढले?"

मी हळू आवाजात म्हटलं, "उन्हाळी आहेत."

"अहो काका, तिकडे परदेशात थंडीत बर्फ पडतं, त्या बर्फाचे टायर वेगळे. बाकी सगळ्याला ते समर म्हणतात. आपला पावसाळा त्यांच्या लेखी उन्हाळाच. ओल्या रस्त्यावर धरायलाच तर ते मऊ केलेत. आणि तुम्ही चढवले ते कधीचे आहेत? बाबा म्हणतात नख लावलं नाही." मग मागून शिवाचा आवाज आला. तो कधी घाबरत नाही, त्या दिवशी घाबरला होता. "बाळा, घाट चढू देऊ नको तिला. ऐकतोस ना? घाट नको."

मी फोन खिशात घातला. दर्शना म्हणाली, "काय म्हणत होते शिवाकाका?" म्हटलं, "काही नाही. ऑपरेशनचं विचारत होता."

साखरपा आलं. आता मला खरं काय ते कळलेलं होतं, आणि तोंड उघडेना. शप्पथ हे नुसतं निमित्त. मला भीती वेगळीच होती. ती चावी परत कधी माझ्या हातात येणार नाही, आणि म्हातारा आता काही सोपवायच्या लायकीचा राहिला नाही, हे तिच्या तोंडावर कायमचं लिहिलेलं मला दिसणार. ज्या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकून घेतलं नाही त्याच गोष्टीत चुकलो होतो. मनात म्हटलं, हळू चालव म्हणून सांगावं, घाट निघून जाईल, कोल्हापुरात गुपचूप टायर बदलू. म्हटलं खरं. आणि समोर पावसात घाटाची पहिली रेघ दिसली. त्या घाटात काशीची गाडी गेली होती, काशीसकट. तिच्यावरचे टायर शिवाने मागाहून बघितले होते. नक्षी भरपूर होती.

"दर्शना, गाडी बाजूला घे."

"बाबा, शप्पथ."

"शप्पथ गेली खड्ड्यात. बाजूला घे म्हणतो ना."

मुर्शीच्या अलीकडे एक बंद टपरी होती. तिने तिथे गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळली. चिडलेली होती. मी सगळं सांगितलं. चावी, सकाळचे सहा, शिवाची खुंटी, समर म्हणजे उन्हाळी, निलेशचा फोन. एकदाही मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

ती दार उघडून खाली उतरली. छत्री घेतली नाही. मीही उतरलो. ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली, आधी तळवा फिरवला, मग अंगठ्याचं नख रबरात दाबलं. पुन्हा दाबलं. मग वर बघून म्हणाली, "नख लागत नाही, बाबा. दगड झालाय."

म्हटलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवलं नाही. तुम्ही जेवायला यायचा नाहीत, तेव्हा तासन् तास तिथे उभी असायचे ना मी."

पाऊस अंगावर पडत होता तेवढं बरं होतं. डोळ्यांतलं पाणी कुठलं हे तिला कळलं नसावं. कदाचित कळलंही असेल.

"मला विचारायचंत तरी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "एक फोन. घाटात कळलं असतं तर काय केलं असतंत?"

"चुकलो," म्हटलं. हा शब्द मी सावित्रीलाही कधी दिला नव्हता. "तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं. तू विचारलंस तेव्हा शिकवलं नाही, ते मनात होतं."

घाटातून एक ट्रक उतरून आला, चिखल उडवत गेला. मग ती गाडीत बसली, मी बसलो, आणि तिने गाडी रत्नागिरीकडे वळवली. ऑपरेशन मंगळवारवर ढकलायला दवाखान्याला फोन केला. मग गिअर टाकत म्हणाली, "आता बोला."

"काय बोलू?"

"टायर तुमचे आहेत. त्यांच्यावर गाडी कशी न्यायची ते तुम्हालाच ठाऊक. बोला."

आणि मी बोललो. साखरप्यापासून साळवी स्टॉपपर्यंत तोंडाला विश्रांती नाही. वळणाच्या आधी वेग काढ, वळणात ब्रेकला पाय नको. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी कापलंय त्याच पट्ट्यावरून जा. उतारावर खालचा गिअर टाक, इंजिनालाच धरू दे तिला. पाण्यावर तरंगल्यासारखी वाटली तर काही करू नकोस, नुसती स्टिअरिंग सरळ धर. चाळिसाच्या वर तिने काटा जाऊ दिला नाही. मध्येच म्हणाली, "हे क्लासमध्ये नाही शिकवलं." म्हटलं, "क्लासवाल्याने घाट बघितलाय का?" ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. जे सोळा वर्षांपूर्वी करायचं ते मी त्या दोन तासांत केलं, तेही दगड झालेल्या टायरवर. पण नाणीजच्या त्याच उतारावर गाडी एवढीशीसुद्धा सरकली नाही.

दुकानापुढे शिवा भिजत उभा होता. गाडी दिसल्यावर तो आत गेला आणि उगाच पाने-पकडी आवरायला लागला. त्याचंही काळीज फाटलं होतं. निलेशने नवे टायर खुंटीवरून काढले, चढवले, जुने बाजूला टाकले. शिवा त्यांना पायाने ढकलत म्हणाला, "ह्ये मिरकरवाड्याच्या बंदरात देतो. बोटीच्या कडेला बांधतील. तेवढ्याच कामाचे."

मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरगी घाट किती दिवस करते?"

"दोन वर्षं," म्हटलं. "दर आठवड्याला."

"पावसात?"

"पावसातही."

"एकटी?"

"एकटीच," म्हटलं. शिवा माझ्या अंगावर आला. "मेल्या, मग मला सांगितलं नायस ते? दोन पावसाळे झाले की." त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला, ट्यूबवर खूण करायचा. तो माझ्या हातात कोंबला. "तूच लिही. रंग मागनं देतो."

दर्शना दारात उभी होती, लहानपणी उभी असायची तिथेच. मी माझ्या खुंटीपाशी गेलो. माझं नाव पुसट झालं होतं, त्याच्या खाली जागा होती. मोतीबिंदूने अक्षर दोन-दोन दिसत होतं. दर्शना असं लिहिलं. पुढे डायवर लिहिलं.

ती मागून वाचत होती. मास्तरीण ना, राहवतंय कुठे. "बाबा, ड्रायव्हर असं लिहितात."

"ते तुमच्या कॉलेजात," म्हटलं. "आमच्यात डायवरच लिहितात."